रिकाम्या हंड्यावर झाकण

थंडी पडली की आमच्या सरकारी रुग्णालयात भेगाळलेल्या टाचा आणि उललेले ओठ घेऊन रांग लागते. चिठ्ठीवर पेट्रोलियम जेली लिहिली की समोरच्याचा चेहराच पडतो. ‘डॉक्टर, हे तर व्हॅसलिन! घरात आहे, पण काही फरक पडत नाही.’ मी विचारतो, लावता कधी? उत्तर ठरलेले: कातडी कोरडीठाक झाल्यावर.

चूक तिथेच होते. ही जेली त्वचेला पाणी देत नाही, आत आहे तेवढे उडू देत नाही. कोरड्या टाचेवर ती चोळणे म्हणजे रिकाम्या हंड्यावर झाकण. पाय १५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, अलगद टिपा, ओलसर असतानाच जेली लावा आणि सुती मोजे घालून झोपा. आठवड्याभरात टाच बोलू लागते.

मुळात हा तेलविहिरींवरचा गाळ. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेतील टायटसव्हिलला गेला, तेव्हा पंपाच्या दांड्यांवर साचणाऱ्या मेणचट थराला कामगार वैतागले होते. भाजले-कापले की लावत मात्र तोच. चेसब्रोने तो शुद्ध करून १८७२ मध्ये पेटंट घेतले.

प्रसाधनात तिचे उपयोग बरेच. कलप लावण्याआधी कपाळाच्या कडेने आणि कानांमागे लावली, तर रंग कातडीवर चढत नाही (कलपाची ॲलर्जी याने टळत नाही, हेही सांगून ठेवतो). भुवया नीट बसतात. पापण्या दाट दिसतात, नवे केस मात्र उगवत नाहीत. मुरुमे असलेल्या चेहऱ्यावर ती नको.

मला काळजी दुसऱ्याच स्वस्त मलमाची वाटते. परवा एक कॉलेजकन्या आली. चेहरा लालबुंद, गालांवर लव, उन्हात गेले की आग. गोरेपणासाठी मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब ती सहा महिने लावत होती. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिले होते: इसबावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे तीव्र स्टेरॉइड. आई म्हणाली, ‘मलमच तर आहे!’

घरातली ट्यूब आज उलटून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसले, तर स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नका. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, चेहरा आणखी भडकतो. ट्यूब घेऊन त्वचारोग विभागात या.