ज्यू माणूस कधी भेटलाच नाही, मग त्याच्याबद्दलचा राग मोबाइलमध्ये कुठून येतो?

मलकापूर, चिखली, खामगाव, मेहकर... बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक लोकांची ज्यू माणसाशी कधी गाठ पडलेली नसते. तरीही 'जगातल्या बँका ज्यूंच्या हातात आहेत', 'प्रत्येक युद्धामागे तेच असतात' असे मेसेज आणि रील्स इथल्या मोबाइलवरही येतात. ते पुढे पाठवण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

ज्यूद्वेष म्हणजे नेमकं काय?

एखादा माणूस ज्यू आहे एवढ्याच कारणासाठी त्याचा तिरस्कार करणं, त्याच्यावर संशय घेणं किंवा हल्ला करणं म्हणजे ज्यूद्वेष. यालाच अँटीसेमिटिझम म्हणतात.

इस्रायल सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. गाझात मारल्या गेलेल्या हजारो लोकांसाठी आवाज उठवणं हाही ज्यूद्वेष नव्हे. अनेक ज्यू स्वतः तो आवाज उठवतात. पण त्या सरकारवरचा राग दुसऱ्या देशातल्या ज्यू दुकानदारावर किंवा प्रार्थनेला जमलेल्या कुटुंबांवर काढला जातो, तेव्हा तो ज्यूद्वेष होतो.

जगात काय घडतंय?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझात युद्ध सुरू झालं. तेव्हापासून अनेक देशांत ज्यूंवरचे हल्ले वाढले. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२२ मध्ये ज्यूविरोधी गुन्ह्यांच्या १,१२२ घटनांची नोंद होती. २०२३ मध्ये ती १,८३२ वर गेली. अमेरिकेच्या लोकसंख्येत ज्यू साधारण दोन टक्के आहेत.

२ ऑक्टोबर २०२५ ला मँचेस्टरमध्ये योम किप्पूर या पवित्र दिवशी सिनेगॉगवर हल्ला झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिडनीच्या बाँडी बीचवर हनुक्का सणासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि १५ जणांचा जीव गेला. तिथे एका हल्लेखोराच्या हातून बंदूक हिसकावून घेणारे अहमद अल अहमद हे सीरियात जन्मलेले मुस्लिम आहेत.

ही आग गाझाच्या युद्धाआधीही होतीच. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारणारा गोरा वंशवादी होता. म्हणजे हा द्वेष कुठल्या एका धर्माचा किंवा विचारसरणीचा नाही.

महाराष्ट्रात काय घडलं?

महाराष्ट्रात ज्यू शेकडो वर्षांपासून राहतात. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पोहोचले. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं पडली. घरातली भाषा मराठी झाली. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. कवी निस्सीम इझिकेल याच समाजातले.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक जण तिकडे गेले. पण इथल्या शेजाऱ्यांनी हाकललं म्हणून ते गेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार ज्यू उरले होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या इतिहासाला २००८ मध्ये तडा गेला. २६ नोव्हेंबरला लष्कर-ए-तोयबाच्या दहशतवाद्यांनी ताज, ओबेरॉय, सीएसटी यांच्याबरोबर कुलाब्यातल्या नरिमन हाऊसलाही लक्ष्य केलं. परदेशी ज्यू प्रवाशांची जिथे सोय व्हायची अशी ही गल्लीतली इमारत. दहशतवाद्यांनी ती ठरवून निवडली होती. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर काढलं. तिथल्या कारवाईत एनएसजीचे कमांडो गजेंद्रसिंह शहीद झाले.

मग मेसेज कुठून येतात?

'ज्यू जग चालवतात' ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०३ मध्ये रशियात 'प्रोटोकॉल्स' नावाचा मजकूर छापला गेला. ज्यू नेत्यांच्या गुप्त बैठकीतला कट म्हणून तो खपवला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने तो बनावट असल्याचं दाखवून दिलं. तरीही नाझींनी तो प्रचारासाठी वापरला. पुढे सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. आजच्या रील्समध्ये तीच गोष्ट नव्या चेहऱ्यांसह फिरते.

आपल्याकडे हिटलर म्हणजे 'कडक शिस्तीचा माणूस' एवढीच अनेकांची ओळख असते. २००६ मध्ये नवी मुंबईत एका रेस्टॉरंटला चक्क त्याचं नाव दिलं होतं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदललं. हिटलरने काय केलं हे नीट माहीत नसलं, की त्याचं कौतुक करणारी पोस्टही गंमत वाटते.

फॉरवर्ड करण्याआधी

एक सोपी तपासणी करता येते. मेसेजमध्ये जिथे 'ज्यू' असेल तिथे स्वतःच्या जातीचं किंवा धर्माचं नाव घालून वाचा. ते वाक्य संतापजनक वाटलं, तर ते मुळातच चुकीचं आहे. पोस्ट एखाद्या सरकारच्या किंवा नेत्याच्या कृतीबद्दल असेल, तर त्यावर वाद घाला, पुरावे मागा. पण ती 'हे लोक असेच असतात' म्हणत असेल, तर पुढे पाठवू नका. नरिमन हाऊसमधल्या सहा जणांना मारणाऱ्यांनाही ते कोण होते, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते ज्यूंच्या घरात होते, एवढं कारण त्यांना पुरेसं वाटलं.