‘ट्रिलॉजी’ : एका संज्ञेचा अर्थविस्तार

‘ट्रिलॉजी’ या इंग्रजी संज्ञेचे मूळ ग्रीक आहे : ‘ट्रि’ म्हणजे तीन, ‘लोगोस’ म्हणजे कथन. प्राचीन अथेन्समधील डायोनिससच्या उत्सवात स्पर्धक शोकात्मिकाकार तीन शोकात्मिका व एक सॅटिर नाटक सादर करीत. त्या तिन्हींचे कथानक एकच असावे, असा नियम नव्हता. इ. स. पू. ४५८ मधील एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही आज संपूर्ण उपलब्ध असलेली एकमेव ग्रीक नाट्यत्रयी होय.

सोफोक्लीसच्या थीब्जविषयक तीन नाटकांनाही ही संज्ञा सर्रास लावली जाते. वस्तुतः ती वेगवेगळ्या काळी लिहिलेली स्वतंत्र नाटके होत. कथाक्रमाने शेवटचे असलेले ‘अँटिगनी’ त्यांपैकी आधी रचले गेले, तर ‘इडिपस ॲट कोलोनस’ इ. स. पू. ४०१ मध्ये, नाटककाराच्या निधनानंतर रंगभूमीवर आले.

याउलट महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये स्वतंत्रपणे रंगभूमीवर आले असले, तरी ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ यांनी त्याच देशपांडे कुटुंबाची कहाणी पुढे नेली. ‘त्रिनाट्यधारा’ या मराठी संज्ञेतील ‘धारा’ हे पद म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. तात्पर्य, केवळ तीन ही संख्या त्रयी घडवीत नाही; तिन्ही कृतींतून वाहणारे आशयसूत्र ती घडविते. ही संज्ञा अध्यापनात योजताना हा भेद सांभाळणे आवश्यक आहे.