ॲव्हरेज किती देते?

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक नवऱ्याची, अजून नवेपणाचा वास न गेलेली. दुसरी माझी: २०१२ची, सेकंडहँड घेतलेली, १ लाख २८ हजार मैल पळालेली. मुलाची शाळा, पोहण्याचा क्लास, इंडियन ग्रोसरी, मंडळाच्या नाटकाच्या तालमी, सगळं तिच्यावरच चालतं.

मिशिगनला आल्यावर पहिली दोन वर्षं मी गाडीशिवाय काढली. ज्यांनी काढली आहेत त्यांना सांगायला नको. बस नाही, फुटपाथ अर्ध्यातच संपतो आणि डिसेंबरात तर तोही बर्फाखाली. साताऱ्याला सात वर्षं आठवी-नववीला गणित शिकवलेली, अर्थशास्त्रात एम.ए. केलेली बाई दूध संपलं की नवऱ्याची वाट बघत खिडकीशी बसायची. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. लायसन्स मिळालं तेही तिसऱ्या खेपेला. त्यामुळे या जुन्या गाडीला कुणी काही बोललं की ते मला लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या नोव्हेंबरात तिच्या डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा वेड्यासारखा वागायला लागला. उन्हाळ्यात तो २७च्या आसपास असायचा. म्हणजे गॅलनला २७ मैल, आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेअकरा किलोमीटर. आता सोमवारी १४, बुधवारी २०, रविवारी हायवेने लांब जाऊन आलो की २९, आणि टाकी भरून पुन्हा शाळेच्या फेऱ्या सुरू झाल्या की १६. शेजारीच उरलेल्या गॅसवर किती मैल जाता येईल तो आकडा असतो, तोही याच्याबरोबर उड्या मारायचा.

नवऱ्याचं निदान दोन मिनिटांत झालं. ‘‘तुझा पाय जड आहे. सिग्नल सुटला की जोरात दाबतेस.’’

ऑइल बदलायला गेले तेव्हा तिथल्या मेकॅनिकला विचारलं. त्याने गाडी आत नेली, दहा मिनिटांनी बाहेर आला आणि माझ्याकडे नवऱ्याचा फोन नंबर मागितला. मी समोर उभी असताना फोनवर त्याला सांगितलं, मीटरचं अख्खं पॅनेल बदलावं लागेल, ७८० डॉलर. घरी आल्यावर नवरा म्हणाला, ‘‘एवढ्या जुन्या गाडीत आता पैसे घालण्यात अर्थ नाही. विकून टाकू. एका गाडीत भागेल, मी सोडत जाईन तुला.’’ त्याने ते प्रेमानेच म्हटलं. मला मात्र ती खिडकी आठवली.

त्याच आठवड्यात ॲन आर्बरहून परत येताना बर्फ सुरू झाला. मागच्या सीटवर लेक झोपलेला. निघताना गाडी सांगत होती, अजून ४८ मैल जाल. एम-१४वर दहा मैलही झाले नसतील तोवर आकडा २६वर. हीटरमधून नुसती कोमट हवा. पुढचा पंप येईपर्यंत मी काय काय बोलत होते ते लिहीत नाही. टाकी भरली तेव्हा कळलं, आत दोन गॅलनच्या वर गॅस शिल्लक होता.

त्या रात्री मला बाबांची डायरी आठवली. त्यांच्याकडे बजाज चेतक होती. पेट्रोल भरलं की पुढच्या डिकीतून डायरी काढायची, किलोमीटरचा आकडा आणि लिटर लिहायचे, मगच किक मारायची. मागे रांगेतले लोक ओरडत असले तरी. ॲव्हरेज दोनाने खाली आलं की प्लग साफ. कुणाकडे नवी गाडी आली की त्यांचा पहिला प्रश्न रंगाबद्दल नसायचा.

मी दीड डॉलरची वही आणली आणि बाबांचीच रीत धरली. टाकी काठोकाठ नाही, पंप आपोआप ‘टक’ करून थांबेल तिथपर्यंतच भरायची. शक्यतो तोच पंप. मैल भागिले गॅलन. चार टाक्या झाल्या. शेवटच्या टाकीत २४३ मैल, ११.३ गॅलन, म्हणजे साडेएकवीस. डॅशबोर्ड त्या टाकीला २२.३ म्हणत होता. बाकीच्या तिन्हींतही फरक एकाच्या आतच.

म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं. गाडी खरंच जास्त पीत होती.

मग आकडा उड्या का मारत होता? याचं उत्तर मात्र मीच वर्गात शिकवलेलं निघालं. गाडीचा कॉम्प्युटर टाकीतला गॅस मोजून हा आकडा काढत नाही. इंजिनात गॅस फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून किती गॅस गेला ते काढतो, आणि चाकांच्या वेगावरून किती अंतर झालं ते. क्षणाक्षणाचा आकडा त्यामुळे नाचणारच: सिग्नलला उभे असाल तर शून्य, उतारावर पाय काढलात तर कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो आणि पडद्यावर ९९ दिसतं. सरासरी त्यापेक्षा स्थिर असते, पण माझ्या गाडीत टाकी भरली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या दोन घटक चाचण्यांवरून वर्षाची टक्केवारी काढल्यासारखं! घराजवळ गॅस भरून थंड इंजिनाने शाळेच्या फेऱ्या केल्या की १४, हायवेवर भरून सरळ घर गाठलं की २९. त्यात सरासरीची सरासरी काढण्याची चूक आम्ही दोघंही करत होतो. २० मैल ४०च्या मायलेजने आणि २० मैल २०च्या मायलेजने गेलात, तर एकूण मायलेज ३० नाही. गॅस लागला अर्धा अधिक एक, दीड गॅलन. ४० मैल भागिले दीड, पावणेसत्तावीस. आठवीतली मुलंही इथे हमखास फसायची.

उड्यांचा उलगडा झाला, पण २७चे साडेएकवीस का, ते बाकी होतं.

थोडा वाटा थंडीचा. इथल्या सरकारी माहितीनुसार २० फॅरेनहाइटला, म्हणजे उणे सात सेल्सियसच्या आसपास, गावातल्या गावात गाडी चालवली तर ७७ फॅरेनहाइटच्या तुलनेत मायलेज सुमारे १५ टक्के पडतं. तीन-चार मैलांच्या फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंतही. माझ्या फेऱ्या तेवढ्याच. टायरमध्ये ३५ हवी होती, निघाली २९. तापमान दहा फॅरेनहाइटने उतरलं की हवेचा दाब साधारण एकाने उतरतो, आणि मी ऑगस्टनंतर बघितलंच नव्हतं. ती चूक माझी. आणखी एक बारीकसा शोध: पहाटे रिमोटने माझी गाडी पंधरा मिनिटं गरम करून ठेवणारा प्रेमळ माणूस. त्या पंधरा मिनिटांत मैल शून्य, गॅस चालू.

हवा भरली, रिमोट लपवून ठेवला. आकडा २२च्या थोडा वर गेला आणि तिथेच बसला.

तेव्हा वहीच्या समासात मी आणखी एक गोष्ट लिहायला लागले होते, इंजिनाच्या तापमानाचा काटा. खरं तर तो रोज डोळ्यांसमोर होता. सिग्नलला उभी राहिले की हळूहळू वर यायचा आणि हायवेला लागलं की खाली घसरायचा. हीटरचंही तसंच: उभं राहिलं की गरम, पळायला लागलं की कोमट. मी समजत होते जुन्या गाडीचा हीटर असाच असतो.

मंडळातल्या एका काकांनी चाळीस वर्षं इथल्या मोटार उद्योगात इंजिनांवर काम केलं आहे. त्यांना फोन करून हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘वही घेऊन ये. गाडी पण आण.’’

१९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात वीसेक डॉलरचं यंत्र लावलं की गाडीची तक्रार वाचता येते. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला नव्हता, पण आत एक तक्रार दाखल होण्याच्या वाटेवर होती: पी ०१२८. इंजिन हवं तेवढं तापत नाही.

दोष थर्मोस्टॅटचा होता. ही मेणाच्या गोळीवर चालणारी छोटीशी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहून पाणी, म्हणजे कूलंट, रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ८०-९० सेल्सियसच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. माझी उघडीच अडकली होती. हायवेवरचा गार वारा इंजिन सतत थंड करत होता आणि इंजिन अजून तापलंच नाही असं समजून कॉम्प्युटर गॅस जास्त सोडत होता.

शनिवारी काकांच्या गॅरेजमध्ये बदललं. काका सांगत होते, पाना माझ्या हातात आणि नवऱ्याकडे बॅटरी धरण्याचं काम. थर्मोस्टॅट ३२ डॉलर, कूलंट १८. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत काकांनी झाकणाला हात लावू दिला नाही. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. जुनं कूलंट बादलीत काढलं आणि लेकाला लांब पिटाळलं, कारण ते गोड लागतं आणि विषारी असतं. दोन बोल्ट काढले, जुनी रबरी रिंग खरवडून नवी बसवली. नवं कूलंट भरल्यावर हवेचे बुडबुडे निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं. काकूंनी दिलेले पोहे खाईपर्यंत काटा मध्यावर येऊन थांबला होता.

येताना मुद्दाम हायवेने आलो. काटा हलला नाही. लेकाने मागून सांगितलं, ‘‘आई, हीटर कमी कर.’’

फेब्रुवारीच्या थंडीत वहीत २४ आणि थोडं वर असा आकडा पडला, मे महिन्यात २७. गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या मेकॅनिककडे मी एकदा वायपर घ्यायला गेले होते, थर्मोस्टॅटचं सांगितलं. तो ‘‘ओ, गुड’’ म्हणाला.

बाबांना व्हिडिओ कॉलवर वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि विचारलं, ‘‘कोण चालवत होतं, ते का नाही लिहिलंस?’’ आता तोही रकाना आहे. जुलैत नवऱ्याची गाडी दुरुस्तीला होती तेव्हा दोन आठवडे माझी त्याने चालवली. त्या टाकीला २५.१ पडले. मी काही बोलले नाही, फक्त वही टेबलावर उघडी ठेवली.