सेवाग्राम ते मुंबई : हवेतले अंतर, घड्याळातला वेळ

सेवाग्रामहून विमानाने मुंबई गाठायची तर आधी नागपूर विमानतळ. रस्त्याने साधारण 75 किलोमीटर. नागपूर-मुंबई रेल्वेमार्ग 837 किलोमीटरचा, पण सरळ हवाई रेषेत अंतर सुमारे 680 किलोमीटरच भरते. ताशी 800 किलोमीटर वेग धरला, तर हा पल्ला 51 मिनिटांचा. मग तिकिटावर दीड तास का? धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, मुंबईच्या आकाशात उतरण्याची पाळी येणे, सारे त्यात धरलेले असते. त्यात विमानतळापर्यंतचा दीड तास आणि तिथले दोन तास मिळवा. म्हणून सकाळी 11चे विमान असेल, तर साडेसातलाच घर सोडा. तिकिटावरचा वेळ विमानाचा असतो, आपल्या प्रवासाचा नव्हे.