सालसाला पायघड्या, बारबालेला बेड्या

मुंबईची रात्र बदलली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वांद्रे, अंधेरी भागात सालसा नृत्याचे वर्ग निघाले. नोकरदार तरुण-तरुणी संध्याकाळी पावले गिरवतात, रात्री क्लबात जोडीने नाचतात. लोअर परळला जिथे गिरणीचा भोंगा वाजे, तिथे आता पबचे संगीत वाजते. नाचण्याला आमचा विरोध नाही. माणसाने नाचावे, बाईनेही मोकळेपणी नाचावे. आमचा प्रश्न वेगळा आहे.

हा सालसा मुळात कुणाचा? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांच्या तालावर क्युबाचे लोकसंगीत उभे राहिले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील पोर्तो रिकन आणि क्युबन स्थलांतरितांनी १९६०-७० च्या दशकांत त्यातून सालसा घडवला. म्हणजे समाजाने तळाशी दाबलेल्यांचाच हा नाच. तो आज आपल्या तारांकित हॉटेलांत सन्मानाने मिरवतो. मग इथल्या तळातल्या बाईच्या नाचाला आपण काय दिले?

२००५ साली राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घातली. पहिल्याने परमिट रूम आणि बिअर बारमधील नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेले आणि सभासदांचे जिमखाने यांना सूट दिली. दारू तीच, शहर तेच. मात्र श्रीमंतांसमोर नाचले की कला आणि गरिबांसमोर नाचले की अश्लीलता! ही मनूची वर्गवारी नव्हे तर काय? सुमारे ७५ हजार बायकांचा रोजगार गेला. त्यांतील अनेकजणी नट, बेडिया यांसारख्या जमातींतल्या होत्या.

एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. हा भेदभाव संविधानाच्या कलम १४ मधील समतेला आणि कलम १९(१)(छ) मधील व्यवसाय स्वातंत्र्याला धरून नाही, असा त्याचा आशय. बंदीमुळे अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, याचीही नोंद न्यायालयाने घेतली. तरीही २०१४ मध्ये नवी बंदी आली, २०१६ मध्ये जाचक अटींचा कायदा आला. त्यातील अनेक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या.

पुढे जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या अनिवासी भागांतील मॉल, उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. रात्रीच्या व्यवहाराने रोजगार वाढेल, असे तेव्हा सांगितले गेले. रात्र रोजगार देते हे शहाणपण २००५ साली कुठे गेले होते?

चळवळीतील काही बंधू-भगिनी म्हणतात, बाबासाहेबांनीच १९३६ साली दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणींना तो धंदा सोडायला सांगितले होते. खरे आहे. जातीने लादलेला नाच सुटलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण बाबासाहेबांनी स्वाभिमानाने बाहेर पडण्याची हाक दिली होती. पोलिसांच्या धाडी घालून रस्त्यावर काढण्याची नव्हे. बाहेर पडणाऱ्या बाईला दुसरे दार उघडे हवे. ते दार म्हणजे मुलांना शाळा आणि वसतिगृह, तिला घर आणि पर्यायी काम. आणि जोवर ती नाचते आहे, तोवर कामगार म्हणून मजुरी, सुरक्षा आणि सन्मान.

न्यायालयाने बंदी उठवली; पुनर्वसनाची लढाई मात्र आपल्यालाच लढायची आहे. सालसाच्या रात्री रंगू देत. पण त्याच शहरात पोटासाठी नाचणाऱ्या बाईला माणूस म्हणून जगता येत नसेल, तर त्या रोषणाईचे कौतुक आम्ही काय म्हणून करावे?