सिनेमाच्या घरी जाऊ या



मागच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "म्युझियममध्ये काय बघायचं? जुनी भांडी न् मूर्ती!" म्हणून हा लेख. आपण जाणार ते संग्रहालय सिनेमाचं आहे.

पेडर रोडला, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, गुलशन महल नावाचा एकोणिसाव्या शतकातला बंगला आहे. तो दुरुस्त केला, जवळच नवी इमारत बांधली आणि १९ जानेवारी २०१९ला भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंगल्यात मूकपटापासूनचा इतिहास मांडलाय. नव्या इमारतीत चार विषय आहेत: गांधीजी आणि सिनेमा, मुलांचा स्टुडिओ, सिनेमाचं तंत्र आणि राज्याराज्यांतले चित्रपट.

हा इतिहास आपल्याही कामाचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावात लागला. पडद्यावर तारामती झाले होते साळुंके नावाचे पुरुष, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. पण पडद्यामागे बाई होतीच. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला आणि अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकंही पाडली. ती भोकं नसती, तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नसती! त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघींनी काम केलं.

सरस्वतीबाईंचं वाचताना मला आपले डबे-पापडाचे गट आठवले. भाव ठरवताना आपण डाळ, तेल, गॅस धरतो. स्वतःचे चार तास मात्र "घरचंच काम" म्हणून सोडून देतो. वहीत मजुरीचा रकाना नाही, म्हणून नफा दिसतो आणि हातात काही उरत नाही. पुढच्या बैठकीत हा रकाना आखू या. कोणी किती तास काम केलं, ते नावासकट लिहू या.

आता जायचं कसं? बोरिवली-अंधेरीच्या ताईंनी वेस्टर्नने ग्रँट रोडला उतरावं. मुलुंड-घाटकोपरच्या ताईंनी दादरला गाडी बदलावी. तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. सोमवारी संग्रहालय बंद असतं. वेळ आणि तिकीट मी आधी फोनवर विचारून ठेवते. मुलांनाही आणा.

नावं तुमच्या गटाच्या सचिवताईंकडे द्या.