कॉकाटील माणसाळतो कसा?

फाल्गुन महिना होता. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब गावी घडावी अशी ही गोष्ट आहे. एक मुलगा धावत घरी आला. त्याच्या टोपीत राघूचे पिल्लू होते. झाडाच्या ढोलीतून त्याने ते काढून आणले होते.

"आबाजी, पाहा नं! मी मिठू आणला. याले बोलाले शिकवतो."

आबाजींनी पिल्लाकडे पाहिले. पिल्लू थरथरत होते.

"बाबू, याची माय तिकडे ओरडत असन," आबाजी म्हणाले. "तुले कोणी उचलून नेलं तर तू बोलायले शिकशील का रडशील?"

मुलगा गप्प झाला. दोघे परत झाडाकडे गेले. झाडावर राघूची जोडी कलकलाट करीत होती. आबाजींनी खालून शिडी धरली आणि मुलाने पिल्लू ढोलीत ठेवले. दोघे दूर जाऊन बसले. थोड्या वेळाने मादी ढोलीत शिरली.

आबाजींनी केले ते बरोबर केले. आपला राघू हा रानातला पक्षी आहे. १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याने राघूला धरणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. त्याबद्दल दंड होतो, कैदही होऊ शकते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरात मिठू आहे," असे ते सांगतात. पण न जाणल्याने गुन्हा माफ होत नाही. रानातला पक्षी जखमी सापडला तर वनखात्याला कळवावे.

मग ज्याला पक्ष्याची आवड आहे त्याने काय करावे? सगळ्यांत चांगले म्हणजे अंगणात पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. पक्षी आपण होऊन येतात. पण घरात पक्षी पाळायचाच असेल, तर तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या जातीचा घ्यावा. कॉकाटील हा तसा पक्षी आहे.

हा पक्षी कुठला?

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलिया देशातला. हा देश आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. तिथल्या कोरड्या मुलखात हे पक्षी थव्याने उडतात आणि गवताचे बी खातात. ऑस्ट्रेलियाने आपले रानपक्षी विकायला बाहेर नेण्यास फार वर्षांपूर्वीच बंदी घातली. म्हणून आज आपल्याकडे मिळणारे कॉकाटील हे पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. मकाव किंवा राखी आफ्रिकन पोपट पाळायचा तर सरकारात नोंद करावी लागते. कॉकाटील त्या यादीत नाही. तरी विकत घेताना पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

हा पक्षी शेपटीसकट फूटभर लांब असतो. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. अंग राखाडी, पंखावर पांढरा पट्टा, गालावर नारिंगी टिकली. डोक्यावर तुरा असतो. मोठ्या नराचे तोंड पिवळे असते. बाजारात पांढरे आणि पिवळे कॉकाटीलही मिळतात.

आणण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नीट सांभाळला तर कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे आज पहिलीत असलेले पोर लग्नाचे होईपर्यंत त्याचे दाणापाणी करावे लागेल. शिवाय हा थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटेपणा त्याला सोसत नाही. घरची सारी माणसे दिवसभर शेतात जात असतील, तर हा पक्षी आणू नये. आणि कंटाळा आला म्हणून त्याला सोडूनही देऊ नये. त्याला रानात पोट भरणे ठाऊक नसते. तो उपाशी मरतो किंवा मांजर-ससाणा त्याला धरतो.

गोष्टीतल्या मुलाचा मामा यवतमाळला राहत होता. त्याने भाच्यासाठी एक कॉकाटील आणला. पिल्लू आपले आपण दाणे खाऊ लागले होते. तसेच पिल्लू घ्यावे. अगदी लहान, चारा भरवावा लागणारे पिल्लू घेऊ नये. नवख्या हातात ते दगावते.

घर आणि दाणापाणी

पिंजरा निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असावा. पक्ष्याला दोन्ही पंख पसरता आले पाहिजेत. दोन तारांमध्ये अर्ध्या इंचाएवढीच फट असावी. जास्त फट असली तर डोके अडकते. गंजलेली किंवा रंगाचे पोपडे निघणारी तार नको. पक्षी ती चोचीने कुरतडतो आणि त्याला विष बाधते. बसायला कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या धुऊन लावाव्या. एक जाड, एक बारीक, अशा लावाव्या. त्याने पाय निरोगी राहतात.

पिंजरा भिंतीला लागून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवावा. स्वयंपाकघरात ठेवू नये. तापलेल्या टिनाखालीही ठेवू नये.

बाजरी, राळा, ज्वारी असे बारीक धान्य रोज दोन चहाचे चमचे पुरते. सूर्यफुलाचे बी त्याला फार आवडते, पण त्यात तेल पुष्कळ. ते बक्षीस म्हणून एखादेच द्यावे. नुसत्या दाण्यावर पक्षी अशक्त होतो. म्हणून मेथी, शेवग्याचा पाला, गाजर रोज थोडे द्यावे. भाजी फवारलेली नसावी, आणि धुऊन द्यावी. चुन्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेस टांगावा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे. चहा, चॉकलेट, कांदा, मीठ आणि तळलेले पदार्थ कधीही देऊ नयेत.

घाई केली की काम बिघडते

कॉकाटील घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने पिंजऱ्यात हात घातला आणि त्याला मुठीत पकडले. पक्षी फडफडला, ओरडला, आणि बोटाला कडकडून चावला. मुलाने हात झटकला. पक्षी पिंजऱ्यावर आपटला. त्यानंतर मुलगा जवळ आला की पक्षी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला.

"आबाजी, हा पक्षी खराब आहे. चावते."

"बाबू, आपला गोऱ्हा पहिल्याच दिवशी जुवाले जुंपला होता का?"

"नाही. आधी तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. मग दावणीला बांधलं. मग मोठ्या बैलासंगं चालवलं."

"मग? हा तर मुठीएवढा जीव. याले काय वाटत असन? याले माणसाचा हात म्हणजे ससाण्याचा पंजा वाटते."

सगळी शिकवण या एका बोलण्यात आली. पक्ष्याला ससाणा पंजात पकडतो. म्हणून मूठ दिसली की पक्षी जिवाच्या भीतीने चावतो. तो रागीट नसतो, भ्यालेला असतो. त्याची भीती घालवणे म्हणजेच त्याला माणसाळवणे. हे जोराने होत नाही. रोज थोडेथोडे करून होते.

हात ओळखीचा कसा करावा?

पहिले दोन-तीन दिवस पक्ष्याला निवांत राहू द्यावे. दाणापाणी द्यावे आणि बाजूला व्हावे.

मग रोज ठरल्या वेळी पिंजऱ्याजवळ बसावे. हळू आवाजात बोलावे. त्याच्याकडे टक लावून पाहू नये. तो निर्धास्तपणे दाणे टिपू लागला म्हणजे पहिली पायरी झाली.

दुसरी पायरी म्हणजे तारेतून बाजरीचे किंवा राळ्याचे कणीस पुढे करणे. पक्षी आज येणार नाही, उद्याही येणार नाही. हात हलवू नये. एक दिवस तो मान लांब करून एक दाणा घेईल.

तिसऱ्या पायरीला तेच कणीस हातात धरून हात पिंजऱ्याच्या दाराशी ठेवावा. पक्षी मागे सरला तर हातही मागे घ्यावा. त्याला कळते की हा माणूस आपले ऐकतो. तिथून भरवसा सुरू होतो.

चौथी पायरी बोटावर बसण्याची. बोट आडवे धरावे. पायांच्या वर, पोटाच्या खालच्या भागाला हळूच टेकवावे आणि "ये" म्हणावे. पक्षी एक पाय बोटावर ठेवतो, मग दुसरा. त्याच क्षणी एक दाणा द्यावा आणि गोड बोलावे. बक्षीस उशिरा दिले तर ते कशाबद्दल दिले हे त्याला कळत नाही. बोटाला भीत असेल तर आधी काडीवर बसायला शिकवावे.

एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरे. दिवसातून दोनदा करावे. कोणी पक्षी आठ दिवसांत येतो, कोणाला दोन महिने लागतात. चावला तर ओरडू नये, मारू नये, फुंकर घालू नये. हात हळूच स्थिर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जाऊन सुरुवात करावी.

तुरा काय सांगतो?

कॉकाटीलचे मन तुऱ्यात दिसते. तुरा थोडा वर, सैल असला तर पक्षी खुशीत आहे. तुरा ताठ उभा राहिला तर तो दचकला आहे. तुरा डोक्याला चिकटून मागे गेला आणि पक्षी फुसफुसला, तर "जवळ येऊ नको" असे तो सांगतो. तेव्हा थांबावे. बैलाचे कान आणि शेपूट आपण ओळखतो, तसाच हा तुरा ओळखायला शिकावे.

शिट्टी आणि बोलणे

नर चांगली शिट्टी वाजवतो. रोज सकाळी एकच छोटी चाल त्याच्यासमोर वाजवावी. काही आठवड्यांत तो ती उचलतो. एखादा नर दोन-चार शब्दही शिकतो. मादी बहुधा शिकत नाही. बोलला नाही म्हणून पक्ष्यावर रागावू नये.

धोके घरातच असतात

पक्षी बाहेर काढण्याआधी दारे-खिडक्या लावाव्या. छताचा पंखा बंद करावा. चूल पेटलेली नसावी, तापलेले तेल आणि पाण्याची बादली झाकून ठेवावी.

पक्ष्याला धूर आणि विषारी वास आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत पूर्वी मजूर कॅनरी पक्षी सोबत नेत. विषारी वायू असला तर पक्षी आधी कोसळे आणि माणसे बाहेर पळत. ही चाल १९८६ पर्यंत चालू होती. यावरून ध्यानात घ्यावे. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची अगरबत्ती पक्ष्यापासून दूर ठेवावी. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो.

फवारणीचे विष तर माणसालाही सोडत नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारून आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाबाळांजवळ आणि पक्ष्याजवळ जावे.

वैशाखातले ऊनही सांभाळावे. कॉकाटील कोरड्या मुलखातला खरा, पण तिथे तो उडून सावलीला आणि पाण्याला जातो. पिंजऱ्यात तो कुठे जाणार? चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरू लागला, तर त्याला लगेच गार खोलीत न्यावे आणि प्यायला पाणी द्यावे. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले फडके टांगावे.

रात्री दहा-बारा तास झोप हवी. कॉकाटील अंधारात दचकून फडफडतो आणि पंख मोडून घेतो. म्हणून मिणमिणता दिवा राहू द्यावा.

आजार कसा ओळखावा?

पक्षी आजार लपवतो. तो पिसे फुलवून तळाशी बसला, खात नसला, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होऊ लागली, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे. पिंजऱ्याचा कागद रोज बदलावा, पण आधी पाणी शिंपडावे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही ताप-खोकला जडू शकतो. नंतर हात साबणाने धुवावे.

मुलाने आबाजींचे ऐकले. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. रोज शाळेतून आला की तो पिंजऱ्याजवळ बसून आपला धडा मोठ्याने वाचायचा. पक्षी ऐकायचा. चैत्र गेला. वैशाखात एका संध्याकाळी त्याने बोट पुढे केले आणि "ये" म्हटले. पक्ष्याने एक पाय उचलला, थांबला, आणि मग बोटावर चढून बसला. त्याचा तुरा सैल होता.

मुलगा हळूच म्हणाला, "आबाजी, पाहा. मी याले धरलं नाही. हाच आला."

ध्यानात ठेवा :
राघूचे पिल्लू ढोलीतून काढू नका.
पंधरा वर्षे सांभाळण्याची तयारी असेल तरच कॉकाटील आणा.
मूठ दाखवू नका, बोट द्या.
धूर, ऊन आणि फवारणीचे विष यांपासून त्याला जपा.